मार्कांची वही

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघीतिघींनी विचारलंही, "काय ताई, गप्पशा?" घरातल्या एका वहीबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं, पण ह्यांना विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं. परवा विचारलं. "लिही की, नाव घालू नकोस म्हणजे झालं," म्हणाले. तर...

वही साधीच. दोनशे पानी, रेघी. वर मी "तपासण्या" असं लिहिलंय. आत उभ्या रेघा मारून रकाने केलेत : तारीख, वजन, बी.पी., क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि शेवटच्या रकान्यात ती लांबलचक नावाची तपासणी, एनटी-प्रोबीएनपी. हा शेवटचा रकाना लाल शाईत. चौतीस वर्षं पेपर तपासले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

ह्यांना २०१९ साली हार्ट ॲटॅक येऊन गेला. अँजिओप्लास्टी झाली, पुढची चार वर्षं बरी गेली. रोज सकाळी सांगलीच्या गणपती मंदिरापर्यंत चालत जायचे आणि वाटेत दहा जणांशी बोलून तासाभराने परत यायचे. मग २०२३ च्या पावसाळ्यात जिना चढताना मध्येच थांबायला लागले. आधी वाटलं वय, मग वाटलं दमट हवा. एका रात्री आडवंच होता येईना, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल्युअर.

हा शब्द ऐकून माझे पाय गळाले. फेल म्हणजे संपलं असंच मला वाटलं. डॉक्टर तरुण आहेत, पण समजूतदार. म्हणाले, "काकू, बंद नाही पडलेलं. पंप अशक्त झालाय, त्यामुळे पाणी मागे तुंबतंय." एकोमध्ये पंपाची ताकद तीस टक्के आली होती. आणि त्या लांबलचक नावाच्या रक्ततपासणीचा आकडा आला होता ६,२४०. ओपीडीत आलेल्या माणसाचा आकडा १२५ च्या आत असेल तर हार्ट फेल्युअर नसावं असं धरतात. मी तिथल्या तिथे मनात भागाकार केला. जवळजवळ पन्नास पट!

हा आकडा कशाचा, ते मला नंतर माझ्या भाचीनं फोनवर समजावलं. ती एम.डी. आहे, आणि मावशीच्या शंकांना न कंटाळणारी आहे. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की तिथल्या पेशी एक रसायन रक्तात सोडतात. ते मूत्रपिंडांना सांगतं, मीठ आणि पाणी बाहेर टाका. रक्तवाहिन्यांना सांगतं, जरा सैल व्हा. थोडक्यात, हृदय दमलं की स्वतःच मदतीची चिठ्ठी पाठवतं. चिठ्ठ्या जास्त, म्हणजे ताण जास्त.

ह्या चिठ्ठीचा शोधही गमतीचा आहे. १९८१ साली कॅनडात अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्या उंदरांना भराभर लघवी व्हायला लागली आणि तीत मीठही भरपूर. तोपर्यंत हृदय म्हणजे नुसता पंप असं समजत, ते संप्रेरकही तयार करतं हे तेव्हा कळलं. मग १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना तसंच एक रसायन डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून त्याचं नाव पडलं 'ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड', म्हणजेच बीएनपी. पुढे लक्षात आलं की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होतं. पण नाव पडलं ते पडलं. चिठ्ठी हृदयाची आणि पत्ता मेंदूचा! मराठीच्या शिक्षिकेला हे फार आवडलं. आपण तरी "मनात आलं" म्हणताना हात छातीवरच ठेवतो ना?

असो. विषय वहीचा.

डिस्चार्जच्या दिवशी आकडा ३,१८० होता. महिन्याने १,९१०. ऑक्टोबरात १,१२०. प्रत्येक आकड्याला घरात केवढा आनंद! मुलगा परदेशात असतो, तो रिपोर्टच्या दिवशी तिकडच्या पहाटेलाच फोन करायचा, "आई, बाबांचं किती आलं?" त्यानं कॉम्प्युटरवर आलेख काढला, उतरता. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो गेला आणि अंगठे, फुलं, हात जोडलेली चित्रं आली. कोणी लिहिलं, "दादा, पुढच्या वेळी तीन आकडी!" मीही तेच म्हणत होते. १,००० च्या खाली आलं की गणपतीला एकवीस मोदकांचा नैवेद्य बोलून ठेवला होता.

ह्यांचं काय चाललंय ते मी पाहत होते, पण मला दिसत नव्हतं. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी हे जेवायचे कमी. मी म्हणायचे, "अहो, ह्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही." तर म्हणायचे, "असू दे, आकडा बरा येईल." परीक्षेच्या आदल्या रात्री न जेवणारी मुलं मी काय कमी पाहिली होती?

जानेवारी २०२४ मध्ये आकडा आला १,४८०.

डॉक्टरांनी ह्यांना तपासलं, पाय दाबून पाहिले, छाती ऐकली, वजन पाहिलं. म्हणाले, "काका, वजन तेवढंच आहे, सूज नाही, चालताय छान. क्रिएटिनिन थोडं वाढलंय, त्यामुळेही हा आकडा वर जातो. एवढा चढउतार कधीकधी होतो. औषधं तीच ठेवू, महिन्याने ह्याच लॅबमध्ये परत करू." हे सगळं ते माझ्या समोर बोलले. मी ऐकलं फक्त १,४८०. वहीत लिहिताना पेन दाबून लिहिलं, अजून मागच्या पानावर वळ दिसतो.

घरी आल्यावर हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नापास झालो का गं?" मी "छे, काहीतरीच काय" म्हटलं खरं, पण लगेच विचारलं, "काल लोणचं खाल्लंत का?" म्हणजे नापासच केलं की!

पुढचं सगळं माझ्या हातून झालं. फेब्रुवारीत पुतणीचं लग्न होतं, कोल्हापूरला. जाता-येता गाडीत पंचाईत नको म्हणून ह्यांनी दोन दिवस लघवीची गोळी घेतली नाही. मला माहीत होतं, मी काही बोलले नाही. लग्नात पापड झाले, मठ्ठा झाला. घरी आल्यावर वजन ६१ वरून ६२.५ होतं. मी वहीत लिहिलं. जेवणं जड झाली असतील म्हटलं.

मनात तो १,४८० डाचत होताच. महिना भरायला अजून आठवडा होता, मला धीर निघेना. घराजवळ नवीन लॅब झाली होती, तिथे तपासणी बरीच स्वस्त होती. (आमच्या नेहमीच्या ठिकाणी अडीच हजार लागतात, आणि पेन्शनीत ते जाणवतात, खोटं कशाला बोलू?) काउंटरवरच्या मुलाला मी म्हटलं, "बाळ, ती हार्टची असते ना, बीएनपी, ती करायचीय." त्यानं मी सांगितलं तेच लिहून घेतलं.

रिपोर्ट आला : ६४०.

मंडळी, मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. १,४८० वरून ६४०! मुलाला फोन, भावाला फोन, ग्रुपवर फोटो. संध्याकाळी पेढे आणले. हे पेढा हातात धरून म्हणाले, "मला तर उलट जास्त दम लागतोय." मी म्हटलं, "अहो, रिपोर्ट बघा, ६४० आलंय. लग्नातला शीण आहे तो."

हे वाक्य मी बोलले आहे. ते मला इथे लिहायचंच होतं.

त्या पाच दिवसांत वजन ६२.५ चं ६४ झालं. वहीत आहे, माझ्याच अक्षरात. ६२.९, ६३.४, ६४. मोज्याचा वळ घोट्यावर संध्याकाळपर्यंत राहत होता. ह्यांनी रात्री दुसरी उशी मागून घेतली होती. दोन-तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं तर लगेच फोन करायचा, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिलेलं आणि ते कार्ड फ्रिजवर लावलेलं. एवढी कारणं समोर असताना मी ६४० धरून बसले होते. सहाव्या रात्री दोन वाजता जाग आली तर हे पलंगावर नव्हते. बाहेरच्या खोलीत खुर्चीत वाकून बसले होते, खिडकी उघडी टाकून. "तुला उठवलं नाही," म्हणाले, "६४० आहे ना."

दवाखान्यात पुन्हा तीच तपासणी झाली, त्यांच्या पद्धतीने. ५,०७०.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा श्वास जरा खाली बसल्यावर मी पर्समधून तो नव्या लॅबचा कागद काढून डॉक्टरांपुढे धरला. भांडायच्या तयारीनेच. त्यांनी तो पाहिला, थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "काकू, तुम्ही पेपरच बदललात."

झालं होतं असं. भाचीनं नंतर मला ते मटाराच्या शेंगेवरून समजावलं, ते मला जास्त कळलं. हृदयाच्या पेशीत आधी एक लांब साखळी तयार होते, १०८ मण्यांची. ती बाहेर पडताना तिचे दोन तुकडे होतात. एक ३२ मण्यांचा, तो बीएनपी, खरं काम तोच करतो. म्हणजे दाणे. दुसरा ७६ मण्यांचा, एनटी-प्रोबीएनपी, तो काही काम करत नाही. म्हणजे सालं. दाणे लगेच संपतात, वीस मिनिटांत निम्मे होतात. सालं टोपलीत जास्त वेळ राहतात. किती मटार सोलले हे दाण्यांवरूनही मोजता येतं आणि सालांवरूनही, पण आकडे वेगवेगळे येणार. सालांचा आकडा बराच मोठा. काल सालं मोजली, आज दाणे मोजले आणि "मटार कमी झाले" म्हणून पेढे वाटले, असा प्रकार.

त्यात आणखी एक मेख. ह्यांना जी मुख्य गोळी चालू आहे, सॅक्युबिट्रिल आणि व्हॉल्सार्टनची, ती दाण्यांना मोडणाऱ्या रसायनालाच अडवते. म्हणजे दाणे जास्त टिकतात आणि बीएनपीचा आकडा औषधामुळेच वर राहू शकतो. सालांशी त्या रसायनाचा संबंध नसतो, म्हणून ही गोळी घेणाऱ्यांची सालंच मोजतात. तो ६४० चा कागद पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं, तिथे मर्यादा १०० अशी छापलेली होती. आमच्या नेहमीच्या रिपोर्टवर १२५ असते. प्रश्नपत्रिका वेगळी आहे हे वरच छापलेलं होतं. शेवटचा आकडा सोडून मी काही वाचलंच नव्हतं. मुलांना मात्र आयुष्यभर बजावत आले, आधी प्रश्न नीट वाचा.

त्या मुक्कामात आठ दिवस दवाखान्यात बसून होते, तेव्हा भाचीला रोज पिडलं. मला एकच विचारायचं होतं. आकडा खाली आणला की माणूस बरा होतो का? मग सगळ्यांनी आकड्याच्याच मागे का लागू नये? ती म्हणाली, मावशी, हाच प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांना पडला होता.

२००० साली न्यूझीलंडमध्ये ६९ रुग्णांवर अभ्यास झाला. ह्या चिठ्ठीचा आकडा पाहून औषधं वाढवलेल्यांना त्रास कमी झाला, तेव्हा आशा वाटली. २००९ मध्ये स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या ४९९ जणांचा अभ्यास आला. एकूण पाहता मोठा फायदा दिसला नाही. पंचाहत्तरीच्या आतल्यांना थोडा होत असावा, वरच्यांना नाही. (हे तेव्हा ७८ चे होते.) मग अमेरिका-कॅनडात 'गाइड-आयटी' नावाचा मोठा अभ्यास झाला, ८९४ रुग्णांचा. एका गटात आकडा १,००० च्या खाली आणायचाच असं ध्येय, दुसऱ्या गटात नेहमीसारखे उपचार. काही फरक पडेना म्हणून तो मध्येच थांबवला. २०१७ मध्ये निकाल छापून आला : दोन्ही गटांत ३७ टक्के लोक हृदयविकाराने गेले किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा दवाखान्यात दाखल झाले. सारखेच! औषधं दोन्हीकडे साधारण तीच आणि तेवढीच दिली गेली होती, आकडा कळला म्हणून काही वेगळं औषध थोडंच हाती येतं?

हे ऐकून मला जरा रागच आला. म्हटलं, मग अडीच हजार रुपये कशाला घालवायचे? तर म्हणाली, तसंही नाही. २०२२ मध्ये 'स्ट्राँग-एचएफ' म्हणून १,०७८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांतच सगळी औषधं पूर्ण मात्रेपर्यंत चढवली, आणि पुन्हापुन्हा बोलावून तपासलं. पाय, छाती, बी.पी., पोटॅशियम, किडनी आणि ही चिठ्ठीही. आकडा वर जाताना दिसला की जपून, पाणी साठतंय का ते बघायचं. त्या गटात सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं १५ टक्के, नेहमीच्या गटात २३. तिथेही ही तपासणी होतीच, पण दारावरच्या राखणदारासारखी, परीक्षकासारखी नाही.

आणि राखणदाराला घरची माणसं ओळखता आली पाहिजेत. वयाबरोबर हा आकडा वाढतो. किडनी मंद असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील तरी वाढतो. अंगाने स्थूल माणसांत उलट कमी येतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, वजनदार, त्यांचा आकडा सातशेच्या आसपास असतो आणि दोन खोल्या ओलांडताना धापा टाकतात. हे दीड हजारावर मंदिरापर्यंत जाऊन येतात. मी मनातल्या मनात त्या दोघांचा नंबर लावत होते, वर्गातला पहिला-दुसरा. त्याला काही अर्थच नाही. ह्यांची तुलना ह्यांच्याशीच, त्याच लॅबमधली, त्याच तपासणीची. तीही वजन आणि दम शेजारी ठेवून.

बाकीच्या रकान्यांचंही थोडं सांगते, कारण इथे वाचणाऱ्या बऱ्याच जणींच्या घरी कोणी ना कोणी असतं. पोटॅशियमचा रकाना मी आधी नुसताच भरायचे. ह्यांच्या गोळ्यांपैकी दोन पोटॅशियम वाढवणाऱ्या आहेत, आणि आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो! शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. एकदा ५.६ आलं, तेव्हा कळलं. तसंच ते कमी सोडियमचं मीठ, 'हृदयासाठी चांगलं' म्हणून एका वहिनींनी प्रेमाने आणून दिलं होतं, त्यातही पोटॅशियमच असतं. डॉक्टरांनी दोन्ही बंद केलं. आता शहाळी मी पिते.

दुसरं फेरिटिन. हिमोग्लोबिन बरं असूनही ह्यांचा लोहाचा साठा तळाला गेला होता, आकडा ४८. शिरेतून लोह दिलं, तेव्हा महिन्याभरात पायांत जरा बळ आलं. ह्या रक्ताच्या आकड्यावर काय करायचं ते सरळ सांगता आलं, म्हणून मला तो आवडतो. :)

दवाखान्यातून आल्यावर मी वही कपाटात टाकून दिली होती. हातात घ्यावीशी वाटेना. चारेक दिवसांनी हेच म्हणाले, "वही कुठाय?" मी म्हटलं, नको आता ते. तर म्हणाले, "वही वाईट नाही गं. दर तीन महिन्यांनी मी आत परीक्षेला बसायचो आणि तू बाहेर उभी असायचीस. ते नको." मग स्वतःच उठून कपाट उघडलं.

आता वही ह्यांच्याकडे असते. सकाळी बाथरूमला जाऊन आले की काट्यावर उभे राहतात, आणि चष्मा नसला तर मला हाक मारतात. लाल पेन मी नातवाला देऊन टाकलं. वजनाच्या रकान्याच्या शेजारी ह्यांनी आणखी एक रकाना काढलाय, त्यात ते शब्दांत लिहितात. "जिना एका दमात." "दोन उश्या." "आज कंटाळा." डॉक्टर आकड्यांच्या आधी तो रकाना वाचतात. रक्त चार-सहा महिन्यांनी, किंवा त्यांना काही वेगळं वाटलं तर. रिपोर्ट थेट त्यांच्याकडे जातो. मुलाला मी सांगितलंय, आकडा विचारायचा नाही, बाबा कुठपर्यंत चालून आले ते विचार. पहिल्यांदा त्याला राग आला. आता विचारतो.

मोदकांचा नैवेद्य राहिलाच होता. १,००० च्या खाली काही आकडा आलेला नाही, गेल्या खेपेला १,३६० होता असं डॉक्टरांच्या तोंडून निसटलं. पण गेल्या संकष्टीला केले मी एकवीस. ह्यांनी दोन खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी रकान्यात लिहिलं, "६१.३. मोदक."